मागच्या सीटचं वजन

"हे मला बघायला आले तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणाले," भाग्या शेजारणीला सांगायची, "आणि गाडीचं बघा! उगादी झाली, आषाढ आला, अजून एक पसंत पडंना."

यात खोटं काही नव्हतं. उपेंद्रला मोटरसायकल घ्यायची होती. म्हैसूरहून थेट लडाखपर्यंत नेणारी आणि तशीच परत आणणारी. त्यासाठी गावातल्या झाडून सगळ्या शोरूमच्या पायऱ्या त्यानं झिजवल्या होत्या, आणि उपवर मुलीच्या बापासारखा तो प्रत्येक ठिकाणी काहीतरी खोट काढून परत येत होता. पण ही चेष्टेची गोष्ट नव्हती. मागच्या वर्षी भाग्याला ताप आला, तो उतरेना, आणि इस्पितळाच्या बाकड्यावर बसून उपेंद्रनं मनातल्या मनात विठ्ठलाला सांगितलं होतं, हिला बरी कर, हिला बर्फ दाखवीन. भाग्याला बर्फ बघायची फार हौस. उटीच्या पलीकडं ती कधी गेली नव्हती. ती बरी झाली, मुलगी वर्षिणी नोकरीसाठी हुबळीला गेली, घर रिकामं झालं, आणि आता त्या शब्दातून सुटका नव्हती. मागच्या सीटवर त्याचं सगळं जग बसणार होतं. म्हणून गाडी भरवशाचीच हवी होती.

उपेंद्र जातीचा शिंपी. वडील अंबाजीराव देवराज मोहल्ल्यातल्या बोळात कोट शिवायचे. तयार कपड्यांनी तो धंदा खाल्ला तेव्हा मुलानं सुई टाकली नाही, नुसतं गिऱ्हाईक बदललं. माणसांऐवजी तो मोटरसायकलींना कपडे शिवू लागला. सीट फोडायची, फोम बदलायचा, नवं कव्हर चढवायचं. फोमवर हात फिरवून मालक किती जाडा आहे, कुठल्या कुशीवर कलून बसतो आणि मागे बायको बसते की भाजीची पिशवी, हे तो सांगू शकायचा.

दुकानात अंबाजीरावांचा एक नेम मात्र टिकून होता. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा नाही. गुंडी तुटली तरी माणसानं सदरा उतरवून द्यायचा, मग सुई. अंगावर शिवलं की माणूस त्या कापडात अडकतो, अशी घरातली समजूत. पोरगा सीटा शिवायला लागल्यावर म्हाताऱ्यानं तो नेम तिथंही आणला. सीट म्हणजे काय, लोकांच्या बुडाचाच कपडा! सुई लावण्याआधी सीटवर तळव्यानं थोपटायचं आणि म्हणायचं, "उठा." बसलेलं कुणी असलं तर उठून जाईल. गिऱ्हाइकं हसायची. उपेंद्रही हसायचा, पण थोपटल्याशिवाय राहायचा नाही.

गाडीबद्दल सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या गॅरेजचा मंजुनाथ रोज चहाला यायचा आणि जाताना एक सल्ला ठेवून जायचा.

"मोठी नको. आडवी झाली तर तुला आणि वहिनीला उचलता आली पाहिजे. आणि ती कॉम्प्युटरवाली तर बेडाच रे बाबा, नकोच. डोंगरात बंद पडली की लॅपटॉप कुठनं आणणार?"

उपेंद्रलाही ते पटत होतं. ज्या गाडीची क्लचची वायर कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते, जी भेसळीच्या पेट्रोलवरही कुरकुरत का होईना चालते, आणि जिच्यावर भाग्या कुणाच्या आधाराशिवाय चढू शकते, ती गाडी खरी. चारी बाजूंनी पेट्या लावलेल्या उंच गाड्या त्याच्याकडं शिवायला यायच्या. त्यांच्या सीटा वर्षानंतरही कोऱ्या असायच्या. मालक इन्स्टाग्रामवर हिमालयात आणि प्रत्यक्षात कॉफी प्यायला श्रीरंगपट्टणापर्यंत.

मग आषाढ सरता सरता मंजुनाथनंच एक जुनी गाडी सुचवली. कुवेंपुनगरात, एका मराठी बाईंच्या घरी. एका सिलिंडरची, हवेवर थंड होणारी, जुन्या घडणीची. लडाखला जाऊन आलेली.

मंजुनाथ आणि भाग्याला घेऊन उपेंद्र तिथं गेला. त्या बाईंनी, इंदिराबाईंनी, दार उघडलं. चेहरा सुकलेला, पण बोलणं मायेचं. गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मंजुनाथनं ताडपत्री ओढली, किक मारली, आणि कित्येक महिने पडून असलेली गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली. त्यानं उपेंद्रकडं असं बघितलं, की मित्रा, हीच.

"मागची स्प्रिंग दबलीय," तो खाली वाकून म्हणाला. "कुणी बसलं असल्यासारखी. बदलू. बाकी सोनं आहे."

आत खुर्चीवर इंदिराबाईंचा मुलगा पवनकुमार बसला होता. पस्तिशीचा, खंगलेला. खुर्ची ऐसपैस होती, पण तो तिच्या अगदी कडेला, पुढं सरकून बसला होता. पाठीमागं त्यानं एका माणसाची जागा सोडली होती.

"गाडी कधी त्रास दिली का?" भाग्यानं त्याला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "थांबतच नाही ती. मीच थांबायला पाहिजे होतं."

भाग्या त्याच्याशी बोलत आत राहिली आणि इंदिराबाई उपेंद्रला फाटकापर्यंत घेऊन आल्या. त्यांनी एकदा घराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही आपले लोक. सांगितलं नाही तर मला झोप यायची नाही. सून होती माझी, सुप्रीता. दोघं गेले होते या गाडीवर. तिकडं वर एका खिंडीत चहाला थांबले. धुकं होतं म्हणे... यानं गाडी सुरू केली, मागे वजन आलं, ही बसली असं समजून हा निघाला. खाली गावात पोचून बघतो तर मागे कुणी नाही."

"मग?"

"परत गेला. ती याच्यामागं चालत निघाली होती. कड्याच्या बाजूनं. सापडली ती खाली दरीत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "लोक विचारतात, बायको मागे नाही हे कळलं कसं नाही? तो एवढंच म्हणतो. वजन होतं, आई. कमरेला हात पण होते."

नको म्हणावं, असं त्याला एकदा वाटलं. पण मंजुनाथ गाडीवरून हात फिरवत होता, इंजिन एका लयीत चाललं होतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला खोट सापडत नव्हती. माणूस चुकला, गाडीचा काय दोष? त्यानं व्यवहार पक्का केला.

"त्या बाई बाहेर काय म्हणत होत्या?" परतताना भाग्यानं विचारलं.

"काही नाही. आरसीचं बोलत होत्या."

बायकोशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

गाडी दुकानात आली. मंजुनाथनं मागची स्प्रिंग बदलली. नवी स्प्रिंगही दबूनच राहिली. त्यानं डोकं खाजवलं, स्प्रिंग विकणाऱ्याला कन्नडमध्ये दोन शिव्या हासडल्या आणि दुसरी आणून बसवली. तीही तशीच. शेवटी "चेसिसचा कोन असेल" म्हणून त्यानं हात झटकले.

उपेंद्रनं सीट सोडवली. पुढचा फोम झिजलेला होता, तो झिजायचाच. पण मागच्या फोमला खळगा होता. फोम दाबला की दबतो आणि सोडला की वर येतो, एवढंच त्याचं काम. हा वर येत नव्हता. उपेंद्रनं तो फेकून दिला, नवा घट्ट फोम कापून बसवला, आणि संध्याकाळी दुकान बंद करून चामराजपुरमला घरी गेला. सकाळी येऊन बघतो तर नव्या फोमला तोच खळगा. बोळातल्या मांजरावर त्यानं आळ घेतला. एवढा खळगा पाडायला मांजर नव्हे, म्हैस बसायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण कळलेलं सगळंच माणूस मनावर घेत नाही.

आणि या सगळ्या गडबडीत, स्वतःचीच गाडी म्हणून असेल, त्या सीटवर थोपटायचं त्याच्या हातून राहून गेलं.

दुपारी भाग्या डबा घेऊन आली, तेव्हा सीट परत गाडीवर बसवून तो नवं कव्हर चढवत होता.

"जरा बस बघू मागे. माप घेतो," तो म्हणाला.

"लग्नाला एवढी वर्षं झाली, ब्लाउजचं माप कधी घेतला नाहीत. आता सीटचं घेताय!"

हसत हसत ती चढली. तिच्या वजनाखाली कव्हर असं नेमकं ताणलं गेलं, की एकही चुणी राहिली नाही. उपेंद्रच्या डोळ्यांतला कारागीर जागा झाला. आत्ताच कडेचे टाके घातले तर हाच ताण कायम राहील. त्यानं वाकडी सुई ओवली आणि भाग्या बसलेली असतानाच सीटच्या कडेनं टाके घालत गेला. भाग्या बडबडत होती. तो दोरा ओढून घट्ट करत होता.

कोपऱ्यात डुलक्या घेणारे अंबाजीराव एकदम उठून बसले.

"उपेंद्रा! काय करतोयस?"

"सीट शिवतोय अप्पा."

"अंगाखाली? माणूस बसलेलं असताना टाका?" म्हातारा ओरडला. "उसव. आत्ता उसव ते."

"अप्पा, तिनं काय सीट अंगात घातलीय का? सुम्ने, नुसती बसलीय ती."

भाग्या चटकन उतरली. सासऱ्यांचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. अंबाजीराव काठी टेकत जवळ आले, सीटकडं बघत राहिले, आणि मग मुलाला अगदी हळू म्हणाले, "सूनबाई बसली होती ते मला दिसलं. गाडी जुनी आहे. हिच्या आधी बसलेलं कुणी उठलं होतं का? थोपटला होतास?"

उपेंद्रनं नकारार्थी मान हलवली.

"मग दोघं असतील तर आता दोघंही एकाच टाक्यात, बघ."

सुई हातातच राहिली. कुवेंपुनगरातलं ते फाटक त्याच्या डोळ्यांपुढं आलं. पण तेवढ्यात मंजुनाथ आला, कव्हर बघून त्यानं शिट्टी मारली, आणि उद्याच्या रविवारी सामान लादून एक लांब चक्कर मारून या म्हणाला. लडाखला निघण्याआधी गाडीची आणि बसणाऱ्याची पारख व्हायला हवी. उपेंद्रनं वडिलांना शब्द दिला. चक्कर झाली की उसवतो. नक्की.

रविवारी सकाळी दोघं निघाले. नंजनगूड, तिथून गुंडलुपेट आणि पुढं गोपालस्वामी बेट्टाच्या डोंगराचा पायथा. आभाळ भरलेलं होतं. भाग्यानं गाडीच्या टाकीवर एक पिशवी बांधली होती, दोन्ही बाजूंना सामान लटकवलं होतं, आणि लहान पोरीसारखी ती आनंदात होती. उपेंद्रच्या हेल्मेटमध्ये फोनचं यंत्र होतं, म्हणजे फोन आला तर हात न सोडता कानात ऐकू यावा. गाडी अशी चालली होती की काय सांगावं! ना धडधड, ना कुरकुर. मागून कमरेला भाग्याचे हात होते. हीच ती गाडी, असं त्याला वाटलं, आणि म्हाताऱ्याचं बोलणं वाऱ्यावर मागे पडलं.

नंजनगूडच्या पुढं पेट्रोल घ्यायला तो थांबला. भाग्या उतरून पाण्याची बाटली आणायला समोरच्या दुकानात गेली. पंपावरचा पोरसवदा माणूस नळी हातात धरून तसाच उभा राहिला.

"अक्कांना उतरायला सांगा की सर," तो कन्नडमध्ये म्हणाला. "कुणी बसलेलं असताना आम्ही पेट्रोल सोडत नाही."

उपेंद्रनं त्याच्याकडं बघितलं. भाग्या समोर दुकानदाराकडून सुट्टे पैसे घेत होती. पंपावरच्या माणसानं पुन्हा सीटकडं बघितलं, डोळे चोळले, ओशाळून हसला, आणि मान खाली घालून टाकी भरली. पुढं त्यानं एकदाही वर बघितलं नाही.

परत फिरावं, हे उपेंद्रच्या मनात तिथंच आलं होतं. पण परत का फिरायचं, हे भाग्याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्यानं गाडी पुढं काढली. गुंडलुपेट गेल्यावर दोन्ही बाजूंना झेंडूची शेतं लागली. मैलन्‌मैल पिवळं. ओल्या झेंडूचा उग्र वास नाकात बसला, मयताच्या घरी बसतो तसा. डोंगर जवळ आला आणि वरून धुकं खाली उतरायला लागलं. आधी शेतं पुसली गेली, मग झाडं, मग रस्त्याच्या कडेचे दगड. दुपारच होती, पण दिवा लावावा लागला.

पायथ्याशी एक चहाची टपरी होती. तिथं एक म्हातारी स्टोव्ह पेटवून बसली होती, बाकी चिटपाखरू नव्हतं. दोघांनी चहा घेतला. भाग्याचे ओठ थंडीनं निळसर झाले होते आणि तिला त्याचंच कौतुक.

"बर्फात पण असंच वाटेल का हो?"

"याहून जास्त."

"मग मला बर्फच पुरे. परत नाही आणलात तरी चालेल."

"काहीतरी बोलू नको," तो चिडून म्हणाला.

धुकं इतकं दाटलं की दोन हातांवरची म्हातारी नुसती सावली होऊन उरली. निघायला हवं होतं. उपेंद्रनं हेल्मेटची काच पुसली, गाडीवर बसला, किक मारली. मागे वजन आलं. स्प्रिंग खाली गेली. कमरेला हात आले. तो निघाला.

थोडं अंतर गेलं असेल. झेंडूचा वास पुन्हा आला. धुक्यात दिव्याचा उजेड भिंतीवर आपटावा तसा परत येत होता. आणि हेल्मेटमध्ये फोन वाजला. वाजला आणि आपोआप उचलला गेला.

वारं. नुसतं वारं. मग भाग्याचा आवाज.

"अहो... कुठं गेलात?"

उपेंद्रनं वेग कमी केला.

"मी इथंच उभी आहे की... टपरीपाशी. मला सोडून गेलात..."

कमरेभोवतीचे हात जरा घट्ट झाले.

भीती काय असते ते त्याला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. इस्पितळाच्या बाकड्यावर वाटली होती ती काळजी होती. ही निराळी. इंदिराबाईंचा खालच्या पट्टीतला आवाज शब्दन्‌शब्द ऐकू आला. मागे वजन आलं, ही बसली असं समजून हा निघाला. तेच. अगदी तेच. भाग्या तिकडं धुक्यात एकटी उभी, आणि आता ती आपल्यामागं चालत निघेल.

"चालू नको," तो फोनमध्ये ओरडला. "जाग्यावरनं हलू नको भाग्या, मी आलो!"

फोन कट झाला होता.

त्यानं गाडी थांबवली. मागे वळून बघायची छाती नव्हती. आरसे दवानं पांढरे झाले होते, ते त्यानं पुसले नाहीत. मान ताठ ठेवून तो समोरच्या धुक्याकडं बघत राहिला.

"काय झालं?" मागून आवाज आला. भाग्याचाच. तिची ती थोडी बसलेली पट्टी, तशीच. "का थांबलात?"

हिनं आवाजही उचललाय, त्याला वाटलं. आणि त्या क्षणी त्याला वडिलांचा नेम आठवला. जगात त्याच्याकडं तेवढं एकच हत्यार होतं. त्यानं डावा हात मागे नेला आणि सीटच्या कडेवर, स्वतः घातलेल्या टाक्यांवर, तळव्यानं थोपटलं.

"उठा."

"आं?" बारीक हसू. "चेष्टा का आता?"

"उठा."

"इथं? या धुक्यात...? अहो, काय करायलात तुम्ही? मला भीती वाटायलीय."

तो थोपटत राहिला. तळवा दुखेपर्यंत.

"उठा म्हणतो ना! सोडा मला. उठा!"

मग कमरेचा एक हात सुटला. मग दुसरा. सीट करकरली, आणि गाडी मागून हळूच वर आली. विकत घेतल्यापासून पहिल्यांदा ती स्प्रिंग पूर्ण वर आलेली त्याला जाणवली. शेजारी डांबरावर कुणीतरी उभं राहिल्याचा भास झाला. त्यानं डोळे मिटल्यासारखे केले, गाडी गर्रकन वळवली, आणि त्या जागेवरून मान न हलवता सुसाट निघाला. मागून एक हाक आली. "अहो..." त्यानं कानांवर घेतली नाही.

गाडी पिसासारखी हलकी चालली होती. तो रडत होता, आणि सुटलो, सुटलो, असं स्वतःशीच म्हणत होता.

टपरी दिसली. स्टोव्ह जळत होता. म्हातारी भांडी विसळत होती.

"माझी बायको?" त्यानं गाडीवरूनच विचारलं. "इथं उभी होती. कुठं गेली?"

म्हातारीनं वर बघितलं. तिला प्रश्न कळेना. मग ती सावकाश कन्नडमध्ये म्हणाली, की अण्णा, ती तुझ्यासोबतच गेली की. माझ्यासमोर चढली. जाताना तिनं मला हातसुद्धा केला.

"नाही. तिनं आत्ता फोन केला मला. इथनं."

"इथं कुणीच नव्हतं," म्हातारी म्हणाली. "तुम्ही गेल्यापासून मी एकटीच आहे."

उपेंद्रनं भाग्याचा नंबर लावला. रिंग गेली. आणि त्याच्या पुढ्यात, गाडीच्या टाकीवर बांधलेल्या पिशवीत, भाग्याचा फोन वाजू लागला. पावसात भिजेल म्हणून तिनं चहाला उतरण्याआधी तो आत ठेवून चेन लावली होती. चेन तशीच बंद होती.

तो फोन वाजत राहिला. त्याच्याकडं बघता बघता उपेंद्रला हळूहळू कळलं, की आपण कुणाला उठवलं.

तो परत कसा गेला ते त्याचं त्याला आठवत नाही. ती जागा सापडली. गाडी वळवल्याचा चाकाचा ओला पट्टा रस्त्यावर होता. तिथं कुणी नव्हतं. त्यानं गाडी उभी केली, धावत पुढं गेला, मागे गेला, चर ओलांडून झेंडूच्या शेतात गुडघाभर चिखलात शिरला, आणि बायकोचं नाव घेऊन घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. धुक्यानं सगळ्या हाका गिळल्या. एकदा त्याला वाटलं, पलीकडं दोन बायका बोलताहेत. तो तिकडं पळाला. तिथं पाटाचं पाणी वाहत होतं.

शेवटी पाय हलेनात तेव्हा तो गाडीपाशी आला आणि तिच्यावर बसून राहिला. हेल्मेट कुठं पडलं ते ठाऊक नव्हतं. चूक माझी, तो म्हणत होता. मी सांगितलं नाही तुला. सगळं ठाऊक असून सांगितलं नाही. ये भाग्या. कशीही ये, पण ये.

तो बोलायचा थांबला. कारण गाडी मागून खाली बसायला लागली होती.

अगदी सावकाश. स्प्रिंग दबली, नवा फोम फुस्स करून आत गेला. ओल्या लुगड्याचा आणि झेंडूचा वास आला. कुणाचा तरी श्वास त्याच्या मानेला लागला, थकलेला, खूप चालून आल्यासारखा.

"भाग्या?" तो कुजबुजला.

"हं," मागून आलं. "चला आता घरी."

भाग्याचाच आवाज. त्याचा जीव भांड्यात पडला. कमरेला एक हात आला, मग दुसरा. दोन्ही गार होते, पण इतका वेळ धुक्यात उभ्या राहिलेल्या माणसाचे हात गारच असणार. त्यानं रडतच किक मारली.

मग त्याच्या खांद्यावर तिसरा हात येऊन विसावला.

यातले भाग्याचे कुठले, हे बघायला तो वळला नाही. त्यानं गिअर टाकला आणि गाडी म्हैसूरच्या रस्त्याला लावली.